पार्ट मागवलाय, दोन दिवसांत येईल!

‘मॅडम, पार्ट मागवलाय. दोन दिवसांत येईल.’

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या, सकाळची फास्ट पकडणाऱ्या आणि हप्त्यावर एसी घेतलेल्या तमाम पब्लिकला हे वाक्य तोंडपाठ आहे. या वाक्यातले ‘दोन दिवस’ हे आपल्या कॅलेंडरमधले दोन दिवस नसतात, हेही एव्हाना सगळ्यांना कळून चुकलंय. ते सर्व्हिस सेंटरचे दोन दिवस. त्यात रविवार धरत नाहीत, शनिवार धरत नाहीत, ‘सिस्टिम डाऊन’वाला दिवस तर नाहीच नाही. मग एके दिवशी अचानक फोन येतो, ‘आज अकरा ते पाचमध्ये माणूस येईल.’ अकरा ते पाच! बॉस, आम्ही काय अकरा ते पाच घरात बसून भाजी निवडतो? मग कोणीतरी हाफ डे टाकायचा, नाहीतर शेजारच्या काकूंकडे चावी ठेवायची. काकू बिचाऱ्या माणसाला चहा देतात, तो एसी उघडतो, बंद करतो आणि म्हणतो, ‘हा पार्ट नाही बसणार. दुसरा मागवावा लागेल. दोन दिवस.’

आता यातला खरा लोच्या कुठे आहे माहितेय? तो पार्ट बहुतेक वेळा चीनहून किंवा चेन्नईहून यायचाच नसतो. तो असतो भिवंडीत. माणकोली, अंजूरफाटा, पडघा... मुंबई-नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना जी गोडाऊनची रांग लागलीय, त्यात देशभरातल्या कंपन्यांचा माल ठेवलेला असतो, सुट्या भागांसकट. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून तर डोंबिवली पश्चिमेतून तिकडे पोचायला दुचाकीवर फार वेळ लागत नाही. म्हणजे तुमच्या एसीचा पार्ट तुमच्या गॅलरीतून जवळजवळ दिसेल इतक्या अंतरावर आहे आणि तो तुमच्यापर्यंत यायला नऊ दिवस लागतात. का? तर त्याचा रस्ता लांब नसतो, त्याचे हात जास्त असतात.

हे हात जरा मोजू या. कंपनी एक. कंपनीचं गोडाऊन चालवणारा कंत्राटदार वेगळा. तिथून माल नेणारा कुरियर तिसरा. सर्व्हिस सेंटर हे बोर्डावर कंपनीचं नाव लावत असलं, तरी बहुतेकदा फ्रँचायझी म्हणजे कुणा स्थानिक माणसाचा धंदा. त्याच्याकडे पर-कॉल पैसे मिळणारा टेक्निशियन. आणि शेवटी आपण. सहा पार्ट्या. प्रत्येकाचं वेगळं सॉफ्टवेअर, वेगळी एक्सेल, काहींकडे तर अजूनही कार्बन पेपरवालं पावती पुस्तक. गोडाऊन म्हणतं ‘पाठवलं’, कुरियर म्हणतो ‘पोचवलं’, सेंटर म्हणतं ‘मिळालंच नाही’. तिघंही आपापल्या कॉम्प्युटरवर एंट्री दाखवतात. आणि उलटा प्रवास तर विसरूच नका. वॉरंटीत बदललेला खराब पार्ट परत कंपनीकडे जायला लागतो, तेव्हाच सेंटरला त्याचे पैसे सुटतात. खरा झोल होतो तो या परतीच्या वाटेवर.

माझ्या घरच्या वॉशिंग मशीनचंच घ्या. बोर्ड बदलला, बिलावर ‘न्यू’ असं ठसठशीत छापलेलं. बोर्डावरचा स्टिकर मात्र अर्धवट खरवडलेला आणि कोपऱ्यात मार्करने लिहिलेली दोन वर्षांपूर्वीची तारीख. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅम, आमच्या सिस्टिममध्ये नवाच दिसतोय.’ सिस्टिममध्ये! मशीन माझ्या बाथरूममध्ये आहे हो. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण हे नाव बदलून तुम्ही तुमच्या घरातल्या कुठल्याही कंपनीचं घातलंत तरी गोष्ट तीच राहील.

तर या सगळ्यावर गेली काही वर्षं एक जालीम उपाय म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, ते म्हणजे ब्लॉकचेन. नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो बिटकॉइन आणि तो घेऊन हात पोळलेला ऑफिसातला एक तरी मित्र. पण नाण्याचा आणि सट्ट्याचा भाग बाजूला ठेवला, तर मूळ फंडा सॉल्लिड सोपा आहे. आणि तो आपल्या आयांना आपल्याआधीपासून माहीत आहे.

भिशी आठवा. बारा जणी, दर महिन्याला ठराविक रक्कम, नंबर लागेल तिला सगळे पैसे. आता हिशेबाची वही एकटीकडेच असेल तर सगळं तिच्या प्रामाणिकपणावर. तिने एखादी ओळ खोडली तर कुणाला कळणार? पण बाराही जणींनी स्वतःची वही ठेवली आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर सगळ्यांनी तीच ओळ लिहिली तर? मग एकीने रात्री घरी बसून काहीही खोडाखोड केली तरी अकरा वह्या तिला खोटं पाडतात. हा झाला पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग जुन्या खतावणीतला, ‘मागील पानावरून पुढे’. आधीच्या पानाची बेरीज नव्या पानाच्या डोक्यावर येते, त्यामुळे मधलं एखादं पान गुपचूप बदललं तर पुढची सगळी पानं चुकतात. ब्लॉकचेनमध्ये बेरजेच्या जागी असतो हॅश, म्हणजे त्या पानावरच्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा. मजकुरात एक काना इकडचा तिकडे झाला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. सगळ्यांकडे वही आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा. झालं. हेच ते जगाला हलवून सोडणारं तंत्रज्ञान. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या कुणीतरी २००८ मध्ये ते बिटकॉइनसाठी मांडलं. कंपन्या वापरतात ती आवृत्ती मात्र बंद दाराची, म्हणजे भिशीत कोण घ्यायचं ते आधी ठरवलेलं.

आता ही वही आपल्या एसीच्या पार्टला लावून बघा. गोडाऊनमधून निघताना पार्टच्या सीरियल नंबरसकट एक ओळ. कुरियरने घेतला, दुसरी ओळ. सेंटरला मिळाला, टेक्निशियनने उचलला, तुमच्या मशीनमध्ये बसला, जुना निघाला, जुना परत गेला. प्रत्येक ओळीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची डिजिटल सही, आणि ओळ सगळ्यांच्या वहीत. ‘आमच्या सिस्टिममध्ये तसं दिसत नाही’ हे वाक्य म्हणायची सोयच उरत नाही, कारण ‘आमची सिस्टिम’ अशी वेगळी वहीच नाही.

कागदावर झक्कास. पण हे प्रत्यक्षात राबणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे बघायला मी एका एसी टेक्निशियनला गाठलं. कल्याण पूर्वेला राहतो, आठ-नऊ वर्षं या लाइनीत आहे. नाव नको म्हणाला, म्हणून आपण नुसतं दादा म्हणू. स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग घेता घेता त्याने जे सांगितलं, ते कुठल्याही कन्सल्टन्सीच्या चकचकीत प्रेझेंटेशनपेक्षा भारी होतं.

त्याचं म्हणणं असं. एप्रिल-मे हा त्यांचा सीझन. दिवसाला आठ-दहा कॉल. बॅगेत तीन-चार नवे पीसीबी, तेवढेच जुने. संध्याकाळी सेंटरच्या काउंटरवर जुने पार्ट जमा करायचे. गर्दीत काउंटरवाला म्हणतो, ‘ठेव तिकडे, मी एंट्री मारतो.’ मागच्या सीझनला अशी एक एंट्री मारायची राहिली. महिन्याच्या शेवटी कंपनीने सेंटरच्या नावावर पार्टचे पैसे डेबिट टाकले आणि सेंटरने ते दादाच्या पगारातून कापले.

‘ताई, पार्ट पुढे कुठं गेला ते मला ठाऊक नाही,’ दादा म्हणाला. ‘माझ्या हातून गेला एवढं खरं. पण वही त्यांची, कॉम्प्युटर पण त्यांचा. मी कोणाला काय दाखवणार?’

मी त्याला भिशीवाला फंडा सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं, आणि मग एकच प्रश्न विचारला. ‘मग त्यात आधी माझी सही होणार की काउंटरवाल्याची? कारण त्याने घेतल्याची सही केल्याशिवाय मी हलणार नाही, आणि तो गर्दीच्या टायमाला सही करणार नाही. मग तुमचं ते मशीन काय करेल?’

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न भल्या भल्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. वही कितीही पक्की असली तरी पहिली ओळ माणूसच लिहितो. ओळ खोटी लिहिली तर ब्लॉकचेन ती खोटी ओळ जन्मभर प्रामाणिकपणे सांभाळतं!

आता कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी आहे, आपल्याकडे कुठे काय झालंय? तर झालंय. त्यातली एक गोष्ट तर आत्ता तुमच्या खिशात आहे. मोबाइल काढा आणि सर्व्हिस सेंटरचा ‘युअर कंप्लेंट इज रजिस्टर्ड’वाला एसएमएस बघा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक छोटी रेघ आणि ‘एस’ दिसेल. एस म्हणजे सर्व्हिस, जाहिरातीला पी, बँकेच्या व्यवहाराला टी, सरकारला जी. ही शेपटी २०२५ मध्ये आली, पण तिच्यामागची यंत्रणा २०१८ ची. टेलिकॉम नियामक ट्रायने त्या वर्षी नियम काढला की, व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्वतःची, आपल्या हेडरची आणि मेसेजच्या साच्याची नोंदणी मोबाइल कंपन्यांच्या सामायिक खातेवहीत करायची. ही खातेवही डिस्ट्रिब्युटेड लेजरवर, म्हणजे ब्लॉकचेनच्याच कुळातली. आपल्या पुण्याच्या टेक महिंद्रने मायक्रोसॉफ्टबरोबर त्यासाठीची यंत्रणा बांधायला घेतली ती त्याच वर्षी. म्हणजे ‘पार्ट मागवलाय’ हा मेसेज ब्लॉकचेनची परीक्षा पास होऊन येतो, पार्ट मात्र येत नाही. काय म्हणावं!

आणि याच यंत्रणेने एकदा काय धम्माल उडवली होती आठवतंय? ८ मार्च २०२१. मेसेज साच्याशी तंतोतंत जुळतो का, ही तपासणी त्या दिवशी कडक झाली आणि देशभर ओटीपी यायचे बंद झाले. बँका, आधार, लसीकरणाची नोंदणी, सगळं ठप्प. तंत्रज्ञान बरोबरच चाललं होतं. कित्येक कंपन्यांनी आपले साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायने तपासणी सात दिवस थांबवली. दादाचा प्रश्न तोच, फक्त आकार देशाएवढा.

मालाच्या साखळीत मात्र आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी ब्लॉकचेनची सुरुवात पार्टपासून केली नाही, पैशापासून केली. २०१६ मध्ये महिंद्र ग्रुप आणि आयबीएमने पुरवठादारांच्या फायनान्ससाठी ब्लॉकचेन आणत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०१७ मध्ये येस बँकेने बजाज इलेक्ट्रिकल्सच्या व्हेंडरांची बिलं वटवण्यासाठी तशीच यंत्रणा चालू केली. व्हेंडरने माल दिला, कंपनीने बिल मान्य केलं आणि बँकेने पैसे सोडले, हे तिघांना एकाच वहीत दिसायचं. बिलाचं बरं असतं, ते मुळातच आकड्यांचं बनलेलं. त्याला भिवंडीचे खड्डे लागत नाहीत आणि त्याचा स्टिकर कोणी खरवडत नाही.

आपल्या राज्य सरकारचं उदाहरण तर जाम इंटरेस्टिंग आहे आणि ते मुंबई-पुण्याचं नाही, थेट गडचिरोलीचं. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांचे ठसे पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनवर चढवायचं काम हाती घेतलं गेलं. उद्देश साधा होता. प्रमाणपत्र खोटं की खरं, हे कोणालाही कार्यालयाच्या खेपा न घालता तपासता यावं. आता ‘जात प्रमाणपत्र’ खोडून तिथे ‘वॉरंटी कार्ड’ लिहा. गेली कित्येक वर्षं आपण दुकानदाराचा शिक्का शोधत ड्रॉवर उपसतोय ना?

बाहेरच्या जगात हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला तो विमानांच्या बाबतीत. तिथे आफ्टर-सेल्स म्हणजे गंमत नाही, वरती दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स नावाच्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० मध्ये लागणाऱ्या सीएफएम ५६ या इंजिनाचे सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकले गेले होते. जगभरात शंभराहून जास्त इंजिनांत ते बसलेले निघाले. पकडलं कसं? पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या मेकॅनिकना ‘नवा’ म्हणून आलेला एक पार्ट वापरलेला वाटला. त्यांनी मूळ उत्पादकाला कागद दाखवला आणि उत्पादक म्हणाला, ‘ही सही आमची नाही.’ बस्स. खरवडलेला स्टिकर बघणारा डोळा आणि एक सरळ प्रश्न.

गंमत म्हणजे विमानांच्या पार्टसाठी ब्लॉकचेन त्याच्या पाच वर्षं आधीच बाजारात होतं. हनीवेलने डिसेंबर २०१८ मध्ये वापरलेल्या पार्टची ऑनलाइन बाजारपेठ काढली. तिथे पार्टचा फोटो आणि त्याची जन्मकुंडली लावल्याशिवाय तो विकायला ठेवता येत नाही, आणि नोंदी ब्लॉकचेनवर. पण ज्याला चोरवाटेनेच जायचंय तो या मंडईत येईल कशाला? सगळे एका वहीत आले तरच वहीला किंमत.

‘सगळे एका वहीत’ या तीन शब्दांवर केवढी मोठी माणसं आपटलीत ते ऐका. मर्स्क ही जगातली बडी जहाज कंपनी आणि आयबीएम, दोघांनी २०१८ मध्ये कंटेनरच्या कागदपत्रांसाठी ट्रेडलेन्स सुरू केलं. तंत्र उत्तम, पैसा अफाट. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कारणही सांगून टाकलं, उद्योगातल्या सगळ्यांचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही. का मिळावं? वही सगळ्यांची म्हणायची आणि कपाटाची किल्ली तुमच्या सर्वात मोठ्या स्पर्धकाच्या कमरेला. आपल्या सोसायटीत सेक्रेटरीच्या कपाटावरून जे होतं, तेच अटलांटिक महासागरात झालं, इतकंच.

याउलट यश कुठे दिसतं? जिथे एकच दादा कंपनी पुरवठादारांना ‘येताय की जाताय’ विचारू शकते तिथे. वॉलमार्टने आयबीएमबरोबर आंब्यांवर प्रयोग केला होता (आपला हापूस नव्हे हो, मेक्सिकोचे आंबे). फोड कुठल्या बागेतून आली हे शोधायला आधी जवळजवळ सात दिवस लागायचे. ब्लॉकचेनवर लागले २.२ सेकंद. जाहिरातीला हा आकडा भन्नाट आहे. पण सात दिवसांतले बरेचसे दिवस वाचले ते सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंद ठेवायचं मान्य केलं म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मान्य करवून घेण्याची ताकद वॉलमार्टकडे होती.

आणि नुसती एकसारखी नोंदच हवी असेल तर ब्लॉकचेन हवंच का? डोंबिवलीत पाडव्याला सोनं घेतलं असेल तर दागिना जरा भिंगाखाली धरा. सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी कोरलेला दिसेल. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याला तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना किती कॅरेटचा आणि हॉलमार्क कुठे झाला ते कळतं. यात ब्लॉकचेन नाही, सरकारी संस्थेचा साधा मध्यवर्ती डेटाबेस आहे आणि आई-मावश्या तो आरामात वापरतात. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ठरावीक तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आला, तेही तसंच. जुना मोबाइल घेताना आयएमईआय नंबर १४४२२ वर पाठवून तो काळ्या यादीत आहे का ते बघता येतं, तेही तसंच. सगळ्यांचा विश्वास असलेला एक पंच मैदानात असेल तर प्रत्येक खेळाडूने स्वतःचा स्कोअर लिहायची गरज नाही.

मग आपल्या एसीच्या पार्टला असा पंच आहे का? इथेच खरी मेख आहे. नाही. पंच म्हणून उभी असते कंपनीच, आणि सामना असतो कंपनी विरुद्ध आपण. किंवा कंपनी विरुद्ध दादा. म्हणून मला वाटतं, सोन्याला ब्लॉकचेन नसलं तरी चालेल, पण पीसीबीला असावं. जिथे वही एका पार्टीच्या ताब्यात आहे आणि भांडण त्याच पार्टीशी आहे, तिथे दुसरी प्रत आपल्या हातात हवी. सरकारनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ नावाने राष्ट्रीय ब्लॉकचेनची पायाभूत यंत्रणा आणली. ती भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपल्या पुण्यातल्या एनआयसी डेटा सेंटरवर आहे. दस्तऐवज तिथे जाऊ शकतात तर एक दिवस वॉरंटीही जावी, अशी आपली एक भाबडी इच्छा.

पण थांबा, या गोष्टीत अजून एक माणूस आहे आणि त्याला मी मघाशी सहा हातांमध्ये मोजलंच नव्हतं. तो म्हणजे आपल्या गल्लीतला कारागीर. रामनगरच्या कोपऱ्यावर किंवा नौपाड्यात जिन्याखाली बसून जळका पीसीबी सोल्डर मारून परत जिवंत करणारा. लहानपणी आमच्या कल्याण पट्ट्यात एक जोक फेमस होता. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! जोक सगळ्यांनी केला, पण फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत उतरलेल्या माणसांनी शून्यातून जो बाजार उभा केला, जिथे कुठल्याही बंद पडलेल्या कंपनीच्या मिक्सरचं भांडं मिळतं, त्याला दाद द्यायची राहूनच गेली. कंपनीची वॉरंटी संपली, मॉडेल बंद झालं, तरी मशीन चालतं ते या मंडळींमुळे.

उद्या प्रत्येक पार्टची कुंडली ब्लॉकचेनवर गेली आणि वहीत लिहायचा हक्क फक्त ‘ऑथोराइज्ड’वाल्यांना मिळाला, तर या कारागिराने केलेली उत्तम दुरुस्तीसुद्धा वहीत दिसणार नाही. उलट मशीनच म्हणेल, ‘अनोळखी पार्ट’. हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. आयफोनची स्क्रीन बाहेर बदलली की सेटिंगमध्ये ‘अननोन पार्ट’ची पाटी लागते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्याला ब्लॉकचेन लागत नाही. बरीच ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ॲपलने नव्या मॉडेलपुरती जुन्या अस्सल पार्टना परवानगी दिली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलही काढलं. कंपन्यांनी मॅन्युअल, सुटे भाग, सर्व्हिसची माहिती खुली करावी हा त्यामागचा विचार. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तेव्हा ब्लॉकचेनचा करार होईल त्या टेबलावर या कारागिरालाही एक खुर्ची द्या, एवढंच माझं म्हणणं. त्याने बसवलेला पार्ट वहीत ‘बाहेर बसवला’ असा खुशाल लिहा, पण लिहा.

आणखी एक छोटी कटकट. वही खोडता येत नाही, ही तिची ताकद. पण २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात आपली माहिती खोडून मागायचा हक्क आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये येऊन टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. म्हणजे तुमचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल या वहीत घालायचाच नाही. तिथे फक्त पार्टचा नंबर आणि ठसा, बाकी बाहेर. हे ज्याला कळलं नाही त्याला हे काम देऊ नये.

बरं, हे सगळं येईल तेव्हा येईल, तोवर काय? तर वहीची आपली प्रत आपण आजच लिहू शकतो, ब्लॉकचेनशिवाय. टेक्निशियन आला की दोन फोटो काढायचे, निघालेल्या पार्टच्या सीरियल नंबरचा आणि बसणाऱ्या पार्टच्या. जॉबशीटवर दोन्ही नंबर लिहून घ्यायचे. आणि ज्याला ते ‘हॅप्पी कोड’ म्हणतात तो ओटीपी मशीन चालू झाल्याशिवाय द्यायचा नाही, तो माणूस कितीही घाईत असला तरी. (तुमच्या या एका कागदामुळे त्याचाही पगार वाचू शकतो, हे त्याला सांगा. दादाला सांगितलं तेव्हा त्याने लगेच आपल्या मोबाइलमध्ये ‘जमा’ नावाचा फोल्डर केला. आता काउंटरवर पार्ट ठेवला की काउंटरवाल्यासकट फोटो.)

हे फोटो शोभेचे नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याच्या नमुन्यातच हॅशसाठी रकाना आहे. म्हणजे ‘अंगठ्याचा ठसा’ कायद्याने आधीच ओळखलाय. त्यासाठी मूळ फोटो फोनमध्ये जपून ठेवायचा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नाही, कारण फॉरवर्ड होताना फाइल दाबली जाते आणि ठसा बदलतो. वाद विकोपाला गेलाच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. त्याच्या आधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. फोन करताना जॉबशीटचा नंबर आणि पार्टचे दोन्ही सीरियल नंबर समोर ठेवा.